हा गेम खरंच आरपीजी आहे का? तपासायची पद्धत

लेव्हल, एक्सपी (अनुभवाचे गुण) आणि स्किल ट्री (पात्राची कौशल्यं टप्प्याटप्प्याने उघडणारा तक्ता) दिसलं की गेमवर आरपीजीचा, म्हणजे एखाद्या पात्राची भूमिका घेऊन खेळायच्या 'रोल-प्लेइंग गेम'चा, शिक्का मारायची सवय आता सगळ्यांनाच लागली आहे. या खुणा फसव्या आहेत. 2007 च्या 'कॉल ऑफ ड्यूटी 4'च्या मल्टिप्लेअरमध्येही एक्सपी साठवून नव्या बंदुका मिळायच्या, पण तो नेमबाजीचाच गेम. उलट 2019 च्या 'डिस्को एलिझियम'मध्ये लढाईची वेगळी यंत्रणाच नाही, तरी तो अस्सल आरपीजी. म्हणून लेबल बाजूला ठेवा आणि एकच प्रश्न धरून बसा: अडचणीच्या क्षणी निकाल कोण लावतं, तुमचा हात की पात्राचा आकडा?

हे पाहायला गेममधली एखादी साधी कृती निवडा. वार करणं, कुलूप उघडणं, पहारेकऱ्याला पटवणं, काहीही चालेल. तीच कृती एकाच परिस्थितीत आठ-दहा वेळा करून बघा. 2002 च्या 'मॉरोविंड'मध्ये तलवार शत्रूच्या अंगातून जाताना दिसते, तरी वार फुकट जातो. अनेकांना तो बग, म्हणजे प्रोग्राममधली चूक, वाटतो. प्रत्यक्षात आत फासा पडलेला असतो. पात्राचं त्या शस्त्रातलं कौशल्य कमी असेल किंवा धावून दमछाक झालेली असेल, तर नेम चुकतो. त्याच मालिकेतल्या 2011 च्या 'स्कायरिम'मध्ये तलवार लागली म्हणजे लागली. कौशल्य फक्त इजा किती होणार ते ठरवतं. दोन्ही आरपीजीच, पण दुसऱ्यात हाताचा वाटा बराच वाढला आहे.

आकड्यांचं हे राज्य आलं 1974 च्या 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या टेबलावरच्या खेळातून. 1981 मध्ये आलेल्या 'अल्टिमा' आणि 'विझर्ड्री'सारख्या गेममध्ये संगणकाने ते हिशेब अंगावर घेतले.

फासा दिसत असेल तर आकड्याचं वजन मोजताही येतं. 2023 च्या 'बाल्डर्स गेट 3'मध्ये वीस बाजूंचा फासा पडतो आणि त्यात पात्राचा बोनस मिळवला जातो. पात्राचा मूळ गुण (ताकद, बुद्धिमत्ता वगैरेंचा आकडा) 10 असेल तर बोनस शून्य, 16 असेल तर +3, 8 असेल तर −1. समजा पटवण्यासाठी 15 हवेत. +3 वाल्याला फाशावर 12 किंवा जास्त लागतात, म्हणजे 45 टक्के शक्यता. −1 वाल्याला 16 लागतात, म्हणजे 25 टक्के. इथे प्रत्येक +1 म्हणजे सरळ 5 टक्के. 'डिस्को एलिझियम'मध्ये सहा बाजूंचे दोन फासे असल्याने गणित वाकडं होतं. फाशांची बेरीज अधिक कौशल्य मिळून 10 गाठायचे असतील, तर कौशल्य 2 असताना सुमारे 42 टक्के आणि 4 असताना सुमारे 72 टक्के! मधल्या पट्ट्यात एकेक पॉइंट फार मोलाचा ठरतो, टोकाला तोच जवळजवळ वाया जातो.

खरी परीक्षा मात्र दोन पात्रांची. यासाठी:

1. पहिलं पात्र एका टोकाचं बनवा, दुसरं अगदी उलट. सगळीकडे मध्यम आकडे ठेवलेत तर काहीच कळणार नाही.
2. दोघांनाही सुरुवातीचा तोच भाग खेळवा, त्याच माणसांशी बोलवा, त्याच दारांपाशी न्या.
3. वेगळ्या सेव्ह फाइल ठेवा आणि कुठलं वाक्य, वाट किंवा शेवट फक्त एकालाच मिळाला ते टिपून घ्या.

यासाठी 1997 चा 'फॉलआउट' उत्तम. सात गुण, प्रत्येकी 5 पासून सुरुवात, वर वाटायला 5 पॉइंट. बुद्धिमत्ता 3 वर आणली, तर पात्राला धड बोलताही येत नाही. संवादातले पर्यायच बदलतात. शिवाय प्रत्येक लेव्हलला मिळणारे कौशल्य-पॉइंट म्हणजे 5 अधिक बुद्धिमत्तेची दुप्पट: 3 वाल्याला 11, 9 वाल्याला 23. पहिल्या पाच मिनिटांतला निर्णय पुढे प्रत्येक लेव्हलला वसूल होत राहतो. दोन्ही टिपणं जवळपास सारखीच निघाली, तर समजा की तिथला स्किल ट्री निव्वळ सजावट आहे.

ही चाचणी काही ठिकाणी चकवते. 2006 च्या 'ऑब्लिव्हियन'मध्ये शत्रू तुमच्या लेव्हलबरोबर वाढतात आणि लेव्हल वाढते ती मुख्य सात कौशल्यांतल्या एकूण 10 वाढींवर. धावण्यासारखी सहज वाढणारी कौशल्यं मुख्य यादीत टाकलीत की लेव्हल भराभर चढते, शस्त्र चालवणं मागे राहतं आणि साधे लुटारूही जड जातात. पात्र वाढलं तरी तुलनेने ते दुबळंच होत जातं. आकडे तिथे निरर्थक नसतात, चुकीच्या जागी खर्च झालेले असतात. दुसरा चकवा रीस्पेकचा. 'बाल्डर्स गेट 3'मध्ये 100 सोन्याच्या नाण्यांत पात्राची घडण पुन्हा करता येते, त्यामुळे चूक अंगाशी येत नाही. सोय म्हणून छानच, पण चाचणी चालू असताना तिला हात लावू नका.

कथेतली निवड ही मात्र अट नव्हे, यावरून उगाच वाद होतात. 1986 चा 'ड्रॅगन क्वेस्ट' घ्या: नायक ठरलेला, गोष्ट जवळपास सरळ रेषेत, तरी लढाईचा निकाल लेव्हल आणि शस्त्रांचे आकडेच लावतात. त्याच वर्षीच्या 'द लेजंड ऑफ झेल्डा'त तलवार आहे, तळघरं आहेत, पण एक्सपी नाही; तिथे हात तयार करावा लागतो. त्याला साहसी गेम म्हणणंच योग्य.

'डार्क सोल्स' (2011) मधोमध उभा आहे. चुकवणं, नेम धरणं तुमच्या हातात. कुठलं शस्त्र नीट पेलता येईल हे गुणांवर. मुरलेले खेळाडू लेव्हल न वाढवताही तो संपवतात. अशा गेमला अ‍ॅक्शन आरपीजी म्हणावं, आणि त्यातलं 'अ‍ॅक्शन' जड आहे हे लक्षात ठेवून विकत घ्यावं.

स्टीम या ऑनलाइन गेम-दुकानात ही सगळी तपासणी परताव्याच्या मुदतीत बसवता येते: खरेदीपासून 14 दिवस आणि खेळण्याचा वेळ 2 तासांहून कमी. पात्र बनवण्याच्या पडद्यावर घालवलेला वेळही त्यात धरला जातो, तेव्हा दोन्ही पात्रांचे आकडे आधी कागदावर ठरवून मगच गेम सुरू करा.