लेखन शिकवायचं कसं हे मी कुठं शिकलो (नवीन लागलेल्या सर-मॅडमसाठी)

शिक्षण सेवक म्हणून पांढरकवड्याकडच्या एका जिल्हा परिषद शाळेवर लागलो, चौथीला पोळ्यावर निबंध दिला आणि 19 वह्या आल्या, एकोणीसही सेम. "पोळा हा माझा आवडता सण आहे, या दिवशी शेतकरी बैलांची पूजा करतो." कारण फळ्यावर मीच लिहून दिला होता. डीएडला मुद्दे द्या अन् विस्तार करा एवढंच शिकवलं होतं.

ट्रेनिंग तुम्हालाही भरपूर मिळतील. निष्ठा हे शिक्षकांचं राष्ट्रीय प्रशिक्षण, दीक्षा या सरकारी ऑनलाइन पोर्टलवरचे कोर्स, 2021 पासून निपुण भारत, म्हणजे लहान वर्गांना वाचता-लिहिता अन् गणित यावं यासाठीची मोहीम. ते मन लावून करा, पण त्यात वाचनाला जेवढी जागा आहे तेवढी लेखनाला नाही असं माझं मत आहे, आपल्याकडं लेखन म्हटलं की हस्ताक्षर अन् श्रुतलेखनावरच गाडी थांबते.

मला खरं शिकवलं ते आमच्या केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, शिक्षण परिषदेत. एका मॅडमनं सगळ्यांना कोरे कागद वाटले, म्हणाल्या, शाळेतला तुमचा पहिला दिवस लिहा, दहा मिनिटं. माझ्या तीन ओळी झाल्या, सुरुवात कुठून करावी तेच सुचेना, आणि हेच आपण पोरांना रोज करायला लावतो हे तिथं कळलं. अमेरिकेत 1974 मध्ये बर्कलीला शिक्षकांचा असाच लेखन प्रकल्प सुरू झाला, पुढं तो देशभर पसरला, त्यांचंही म्हणणं हेच की लेखन शिकवणाऱ्यानं आधी स्वतः लिहावं आणि शिक्षकानंच शिक्षकाला शिकवावं.

तेव्हापासून आम्ही चौघं परिषद संपली की तासभर थांबतो, प्रत्येकानं दोन वह्या आणायच्या, हुशार पोरांच्या नाही, मधल्या पोरांच्या. वाचायचं आणि आधी फक्त एवढंच बोलायचं की पोरगं काय सांगून राहिलं. चुका नंतर.

पुढच्या पोळ्याला फळा कोरा ठेवला. एकानं लिहिलं, "औंदा आमच्या ढवळ्याले झूल नोती, बाबा म्हणे कापूस निघाला का घेऊ." मी लाल पेन काढून 'ढवळ्याले'खाली रेघ मारणार तेवढ्यात सोबतच्या सरांनी हात धरला, म्हणाले, प्रश्न लिहा. मी खाली लिहिलं, मग ढवळ्या कसा दिसत होता? दुसऱ्या दिवशी चार ओळी वाढल्या, शिंगाले गेरू लावला, आईनं जुन्या लुगड्याची झूल शिवली. भित्तिपत्रकासाठी आम्ही बसून 'ले'चं 'ला' केलं, बाबाचं बोलणं मात्र तसंच ठेवलं, कारण तो म्हणे, सर, बाबा असेच बोलते.

घरी कोलामी (आमच्याकडच्या कोलाम आदिवासींची भाषा) बोलणारी पहिली-दुसरीची लेकरं असली तर आधी चित्र काढू द्या, त्यांच्या भाषेत सांगू द्या, मराठी शब्द मागून येतात, घाई केली तर पोरगं गप्प बसते.

वेळेचं म्हणाल तर दोनशिक्षकी शाळेत चार वर्ग, त्यात ऑनलाइन माहिती भरणं, वेळ मिळतच नाही, म्हणून शनिवारची सकाळची शाळा लेखनासाठी बांधून टाका. पोरं लिहितात तेव्हा तुम्हीही खाली बसून लिहा आणि तुमचंही वाचून दाखवा. एका वेळी एकच गोष्ट तपासा, या आठवड्यात पूर्णविराम तर फक्त पूर्णविराम. आमच्यासारखा वह्या वाचायचा गट सुरू करतांना केंद्रप्रमुखांना आधी सांगून ठेवा, आमच्याकडं त्यांनी परिषदेतलाही अर्धा तास काढून दिला.