मोटरसायकलने ऑफिसला जाण्याआधी एक रविवार राखून ठेवा
सोमवारी थेट ठाणे-बेलापूर रस्त्यावर उतरण्यापूर्वी आदल्या रविवारी सकाळीच घरापासून ऑफिसच्या पार्किंगपर्यंतचा तोच मार्ग एकदा जाऊन-येऊन पाहावा, कारण उड्डाणपुलावरून जायचे की खालून, कोणत्या सिग्नलनंतर रस्ता अरुंद होतो आणि कुठे खडी पसरलेली असते, हे ऐन गर्दीत शोधत बसणे धोक्याचे ठरते. पहिला आठवडा अर्धा तास लवकर निघावे. उशिराची धास्ती नसली की हँडलवरची पकड आपोआप सैल राहते.

ऐरोली, महापे, तुर्भे या पट्ट्यात एमआयडीसीमुळे ट्रक आणि टँकर सतत असतात. डावीकडे वळणाऱ्या ट्रकच्या डाव्या बाजूच्या फटीत कधीही शिरू नये, कारण त्याची मागची चाके पुढच्या चाकांपेक्षा आतून वळतात आणि ती फट बघता बघता मिटते. ट्रकच्या आरशात चालकाचा चेहरा आपल्याला दिसत नसेल, तर आपणही त्याला दिसत नाही असे धरून चालावे. नव्या चालकासाठी मला हीच खूण सर्वांत मोलाची वाटते.

ब्रेक लावताना बराचसा भार पुढच्या चाकावर येतो, म्हणून केवळ मागच्या ब्रेकवर विसंबू नये. पुढचा ब्रेक लिंबू पिळावे तसा हळूहळू दाबत न्यावा. पावसात रस्त्यावरचे लोखंडी पत्रे आणि रंगवलेले पांढरे पट्टे निसरडे होतात, तेव्हा त्यांवर जोराचा ब्रेक आणि वळण दोन्ही टाळावे. हेल्मेट आयएसआय चिन्हाचे असावे आणि त्याचा पट्टा हनुवटीखाली नीट आवळलेला असावा.