बाईंच्या वर्गात पाहायला शिकताना

वयाच्या सातव्या वर्षी मी बाईंच्या नृत्यशाळेत विद्यार्थिनी म्हणून दाखल झाले, सतराव्या वर्षी त्यांची सहायक झाले आणि त्यांच्या निधनानंतर सर्वांत लहान मुलांचा वर्ग माझ्याकडे आला. मुलांना नृत्य शिकवू इच्छिणारे अनेक जण आता मला विचारतात की सुरुवात कोठून करावी. त्यांपैकी बहुतेकांना स्वतःला उत्तम नाचता येते आणि तेवढ्या बळावर वर्ग चालवता येईल, असे त्यांना वाटते. मलाही तसेच वाटत होते. म्हणून सहायक झाल्यावर वर्षभर बाईंनी मला एकही पदन्यास शिकवू दिला नाही, याचे मला फार वाईट वाटले होते.

त्या वर्षी माझे काम एवढेच होते की भिंतीपाशी उभे राहायचे, दर तासाला एकच मूल निवडायचे आणि त्याच्याविषयी वहीत तीन ओळी लिहायच्या. पहिल्या आठवड्यात मी "छान नाचते", "लक्ष देत नाही" अशा ओळी लिहिल्या. बाईंनी त्या शांतपणे खोडल्या आणि म्हणाल्या, "हे तुझे मत झाले. तू पाहिलेस काय, ते लिही." मग हळूहळू दिसू लागले. जो मुलगा सतत अर्धी मात्रा मागे राहत होता, त्याची लय कच्ची नव्हती. तो प्रत्येक हालचालीआधी शेजारच्या मुलीकडे पाहत होता आणि त्या पाहण्यात त्याची अर्धी मात्रा जात होती. त्याला तालाचे धडे देऊन उपयोग नव्हता. त्याला पहिल्या ओळीत, जेथे पुढे कोणीच नाही अशा जागी, दोन तास उभे करणे पुरेसे ठरले. एक मुलगी उडी घेताना श्वास रोखून धरीत असे आणि पूर्ण तळव्यावर दाणकन उतरत असे. आधी चवडा, मग टाच आणि त्याच वेळी गुडघ्यात वाक, हे तिला सांगण्यापूर्वी उडी घेताना तोंडाने आवाज काढायला सांगावे लागले, कारण आवाज काढणाऱ्याला श्वास रोखता येत नाही. नवोदितांना माझे पहिले सांगणे हेच आहे की कोणाच्या तरी वर्गात निदान काही महिने असे नुसते उभे राहण्याची संधी मिळत असेल, तर ती सोडू नये.

तीन ते पाच वर्षांच्या मुलांचा तास अर्ध्या ते पाऊण तासाहून मोठा ठेवू नये आणि एका वेळी एकच सूचना द्यावी. या वयात डावे-उजवे पक्के झालेले नसते; मूल समोरच्या माणसाला आरशासारखे पाहते. म्हणून मुलांकडे तोंड करून उभे राहिल्यावर "उजवा हात" म्हणताना शिक्षकाने आपला डावा हात उचलायचा असतो. हे ऐकायला सोपे आहे, पण आठ मात्रांच्या ओघात ते अंगवळणी पडायला मला कित्येक आठवडे लागले, त्यामुळे त्याचा सराव घरी वेगळा करावा. मुलांना तयार नाच पाठ करून घेण्याची घाई बाई कधी करीत नसत. त्या युरोपातील नृत्यतज्ज्ञ रुडॉल्फ लाबान यांच्या पद्धतीचा आधार घेत असत. लाबान यांनी इंग्लंडमध्ये स्थायिक झाल्यावर १९४८ मध्ये शैक्षणिक नृत्यावर पुस्तक लिहिले आणि हालचालीचे वजन, वेळ, अवकाश व ओघ असे घटक वेगळे करून दाखवले. प्रत्यक्ष वर्गात याचा अर्थ असा की तेच चालणे आधी जड, मग हलके, मग एकदम, मग रेंगाळत करायचे. चार वर्षांचे मूलही हे करू शकते, आणि पुढे कोणतीही शैली शिकताना त्याला ते उपयोगी पडते.

सर्वाधिक काळजी मात्र दहा ते चौदा या वयात घ्यावी लागते, आणि याविषयी नवे शिक्षक फारच कमी जाणतात. या काळात उंची झपाट्याने वाढते. हाडांची लांबी वाढते, पण स्नायू त्या वेगाने जुळवून घेत नाहीत. कालपर्यंत सहज पायाला हात लावणाऱ्या मुलीच्या मांडीमागचे स्नायू आखडतात, तोल जातो, गिरक्या बिघडतात आणि आपल्याला येत होते तेही आता येत नाही, असे तिला वाटू लागते. अशा एका मुलीला मी आळशी समजले आणि पाय ताणताना खांद्यावर भार देऊन खाली दाबले. तिला दुखापत झाली नाही, पण पुढचे दोन महिने ती माझ्या जवळ येताच अंग आकसून घेई. त्या दिवसापासून मुलाच्या शरीराला विचारल्याशिवाय मी हात लावत नाही. वाढीच्या या महिन्यांत उड्या कमी कराव्यात, ताण सावकाश द्यावा आणि गुडघ्याच्या वाटीखाली दुखते असे मूल म्हणाले, तर उड्या थांबवून त्याला डॉक्टरांकडे पाठवावे. ते निमित्त काढत आहे असे मानू नये. काँक्रीटवर थेट बसवलेल्या फरशीवर उड्या घेऊच नयेत. खाली पोकळी असलेली, किंचित लवचीक लाकडी जमीन हा नृत्यवर्गाचा पहिला खर्च असावा. आरसे नंतर आले तरी चालतात.

कार्यक्रमाविषयी थोडेच सांगते. बाई प्रत्येक नाचात ओळी फिरत्या ठेवीत, त्यामुळे प्रत्येक मूल एकदा तरी पुढे येई. यावर काही पालक नाराज होत. त्यांचे सगळे ऐकून घेऊनही बाईंनी हा नियम बदलला नाही.

बाई गेल्यानंतर आमच्यासमोर जे संकट उभे राहिले, ते तुमच्यापुढेही कधीतरी येईल. त्यांच्या वह्यांत मुलांच्या नोंदी भरपूर होत्या, पण नाचांच्या रचना जवळजवळ नव्हत्या. त्या त्यांच्या अंगातच होत्या. आधुनिक नृत्याच्या आद्य अमेरिकन नर्तिका इझाडोरा डंकन यांनी १९०४ मध्ये बर्लिनजवळ ग्रुनेवाल्ड येथे मुलांची शाळा काढली, तेव्हा विद्यार्थिनींकडून शुल्क न घेता स्वतःच्या कार्यक्रमांच्या मिळकतीवर ती चालवली. पैशाच्या दृष्टीने ती शाळा टिकली नाही. तरीही त्यांचे नृत्य पुढे पोहोचले, ते तेथे घडलेल्या सहा मुलींमुळे. त्यांनी गुरूचे आडनाव लावले आणि त्यांच्यातील इर्मा यांनी पुढे डंकन यांची मॉस्कोची शाळाही सांभाळली. आम्हीही तोच मार्ग धरला. बाईंच्या जुन्या विद्यार्थिनींना बोलावून प्रत्येकीकडून तिला आठवणारा भाग करून घेतला आणि मात्रा मोजून लिहून ठेवला. तुम्ही स्वतःचा वर्ग सुरू कराल, तेव्हा पहिल्याच वर्षापासून प्रत्येक रचना मात्रांसह लिहा आणि तिचे चित्रीकरण करा. उद्यावर टाकू नका.

पावसावरचा एक छोटा नाच मात्र आजही सुटलेला नाही. त्याच्या शेवटच्या आठ मात्रांत मुले जमिनीवर बसतात असे एक विद्यार्थिनी सांगते, तर ती आकाशाकडे पाहत उभीच राहतात असे दुसरी सांगते, आणि दोघींनीही तो बाईंकडूनच शिकला आहे. आम्ही दोन्ही शेवट लिहून ठेवले आहेत आणि वर्गात एका वर्षी एक, दुसऱ्या वर्षी दुसरा शिकवतो.