जुन्या गेम कन्सोलचे चित्र नव्या टीव्हीवर नीट कसे मिळवावे

माळ्यावर ठेवलेला जुना गेम कन्सोल काढून ५५ इंची फोर-के टीव्हीला जोडला, की पुष्कळदा अपेक्षाभंग होतो. रंग एकमेकांत पाझरलेले दिसतात, अक्षरांच्या कडा पुसट होतात, गोल वस्तू लंबगोल दिसतात आणि बटण दाबल्यावर उडी उशिराच बसते. यावर उपाय म्हणून बहुतेक जण आधी एखादा रूपांतरक डबा विकत घेतात आणि केबलचा विचार सर्वांत शेवटी करतात. क्रम नेमका याच्या उलट हवा. कन्सोलमधून निघालेला संकेत केबल, टीव्हीची खोबण आणि टीव्हीच्या आतील प्रक्रिया अशा टप्प्यांतून पडद्यावर पोहोचतो. पहिल्या टप्प्यावर गमावलेला तपशील पुढे कितीही महाग यंत्र लावले तरी परत मिळत नाही.

मुळात बिघडते काय, हे समजून घेतले तर पुढचे निर्णय सोपे होतात. अमेरिका आणि जपानमधील एनटीएससी पद्धतीच्या प्रक्षेपणात चित्र ५२५ रेषांचे असते आणि सेकंदाला सुमारे ६० अर्धचित्रे पाठवली जातात, एकदा विषम रेषांचे आणि पुढच्या वेळी सम रेषांचे. भारतात वापरल्या गेलेल्या पाल पद्धतीत रेषा ६२५ आणि अर्धचित्रे ५० असतात. १९८३ साली जपानमध्ये आलेला निन्टेन्डोचा फॅमिकॉम, १९८८ चा सेगा मेगा ड्राइव्ह, १९९० चा सुपर फॅमिकॉम आणि १९९४ चे पहिले प्लेस्टेशन या यंत्रांनी बहुतेक खेळांत ही सम-विषम अदलाबदल वापरलीच नाही. ती दर वेळी त्याच त्या रेषांवर, सुमारे २४० रेषांचे पूर्ण चित्र सेकंदाला ६० वेळा रंगवत असत. या संकेताला २४०पी असे म्हणतात. प्रक्षेपणाच्या मानकात तो बसत नव्हता, पण काचेच्या जुन्या टीव्हीला त्याचे काही वाटत नसे. आजचा टीव्ही मात्र त्याला ४८०आय, म्हणजे सम-विषम रेषांचे नेहमीचे प्रक्षेपण समजतो आणि दोन स्वतंत्र चित्रे एकमेकांत विणू लागतो. त्यामुळे हलणाऱ्या आकृत्यांच्या कडा दातेरी होतात. मार लागल्यावर लुकलुकणारे पात्र एका चित्रात दिसते आणि दुसऱ्यात लपते, त्यामुळे ते कधी अर्धवट जाळीसारखे दिसते, तर कधी पूर्ण गायब होते. शिवाय या विणकामाला वेळ लागतो आणि तोच विलंब खेळणाऱ्याच्या बोटांना जाणवतो.

काहीही जोडण्यापूर्वी विजेचा ॲडॅप्टर तपासावा. नातेवाइकांनी अमेरिकेतून आणलेला कन्सोल १२० व्होल्टचा आणि जपानी कन्सोल १०० व्होल्टचा असू शकतो. आपल्या २३० व्होल्टच्या सॉकेटमध्ये तो तसाच लावला तर जळतो. ॲडॅप्टरवरील लेबलावर १००–२४० व्होल्ट असे छापलेले नसेल तर व्होल्टेज कमी करणारा ट्रान्सफॉर्मर आवश्यक आहे. पिन बसते म्हणून दुसऱ्या कन्सोलचा ॲडॅप्टर लावणेही धोक्याचे असते, कारण फॅमिकॉमची अमेरिकी आवृत्ती असलेल्या एनईएसचा ॲडॅप्टर ९ व्होल्टचा एसी प्रवाह देतो, तर फॅमिकॉमला डीसी लागतो आणि त्यातही पिनच्या मध्यभागी ऋण टोक असते. कॅसेटचे धातूचे संपर्क आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या कापसाच्या काडीने पुसावेत. कॅसेटमध्ये फुंकर मारण्याची आपल्या सर्वांची सवय सोडलेली बरी, कारण तोंडातील ओलावा धातूला गंज आणतो.

आता केबल. सर्वांत खालच्या पायरीवर अँटेनाच्या खोबणीतून जाणारा संकेत असतो. त्यात चित्र आणि आवाज दोन्ही एकाच लहरीवर चढवलेले असतात. त्यावरची पायरी म्हणजे पिवळी पिन, अर्थात कॉम्पोझिट. यात चित्राचा उजळपणा आणि रंग एकाच तारेतून जातात आणि टीव्हीला ते पुन्हा वेगळे करावे लागतात. लाल रंगाच्या कडेला दिसणारी मुंग्यांची रांग या फाळणीतूनच जन्मते. एस-व्हिडिओ हे दोन्ही घटक वेगवेगळ्या तारांतून नेतो, म्हणून त्याच कन्सोलचे चित्र त्यावर ठळकपणे सुधारते. सर्वांत वर आरजीबी आणि कॉम्पोनंट या, चित्राचे तीन घटक तीन वेगळ्या तारांतून नेणाऱ्या पद्धती आहेत. मेगा ड्राइव्ह, सुपर निन्टेन्डो (सुपर फॅमिकॉमचे परदेशातील नाव) आणि पहिले प्लेस्टेशन हे मुळातच आरजीबी संकेत देतात. निन्टेन्डो ६४ मात्र आतील सर्किटमध्ये बदल न करता एस-व्हिडिओच्या पुढे जात नाही. मेगा ड्राइव्हचा कॉम्पोझिट संकेत तर इतका कमकुवत आहे की सपाट रंगांवर इंद्रधनुषी पट्टे उमटतात, त्यामुळे या यंत्रासाठी आरजीबी केबलवर केलेला खर्च सर्वाधिक सार्थकी लागतो, असे माझे मत आहे. केबल घेताना प्रत्येक तारेवर स्वतंत्र धातूची जाळी आहे का, हे विचारावे. नसेल तर स्पीकरमधून गुणगुण ऐकू येते आणि चित्रावर बारीक नक्षी तरंगत राहते. युरोपातील स्कार्ट आणि जपानमधील आरजीबी-२१ या जोडण्या दिसायला सारख्या असल्या तरी आतील तारांचा क्रम वेगळा असतो, म्हणून त्यांची अदलाबदल कधीही करू नये.

नव्वदच्या दशकात आपल्याकडे अनेक घरांत पोहोचलेले, कॅसेटवरचे टीव्ही गेम हे बहुतेक फॅमिकॉमच्या नकला होत्या. त्यांच्याकडून फार अपेक्षा ठेवू नयेत. मूळ फॅमिकॉममध्येही चित्र तयार करणारी चिप थेट कॉम्पोझिट संकेतच बाहेर टाकते आणि वेगळा आरजीबी संकेत कुठेच उपलब्ध नसतो. तेव्हा अँटेनाची तार सोडून एव्हीच्या पिना वापरणे, एवढीच सुधारणा सोल्डरिंगशिवाय शक्य आहे. पण ती लहान नाही.

नव्या टीव्हीवर पिवळ्या पिनेची खोबण शोधणे हेच काही वेळा दिव्य ठरते. पुष्कळ टीव्हींवर हेडफोनसारखे एकच छिद्र असते आणि त्यात चार भागांच्या टोकाची तार बसते. या तारांमध्ये जोडण्यांचा क्रम कंपनीगणिक बदलतो, त्यामुळे चित्र न येता फक्त घरघर ऐकू आली तर तार खराब असल्याचा निष्कर्ष काढण्याआधी पिवळी पिन लाल किंवा पांढऱ्या जोडणीत लावून पाहावी. काही टीव्हींवर पिवळी आणि हिरवी खोबण एकच असते. तिथे चित्र कृष्णधवल आले तर टीव्ही तो संकेत कॉम्पोनंट समजत आहे, हे ओळखून रिमोटवरून एव्ही हा स्रोत निवडावा.

प्लेस्टेशन २ बद्दल थोडे सविस्तर सांगायला हवे, कारण भारतात अजूनही चालू स्थितीत असलेल्या जुन्या कन्सोलमध्ये त्याची संख्या मोठी आहे. त्याचे बहुतेक खेळ ४८०आय संकेत देतात, म्हणजे टीव्हीचा गैरसमज इथे होत नाही आणि हिरव्या-निळ्या-लाल पिनांची कॉम्पोनंट केबल लावताच सुधारणा दिसते. केबल बदलण्यापूर्वी, पिवळी पिन जोडलेली असतानाच, डिस्क न घालता कन्सोल सुरू करावा आणि सिस्टिम कॉन्फिगरेशनमधील कॉम्पोनंट व्हिडिओ आउट या ओळीत आरजीबीऐवजी वाय-पीबी-पीआर हा पर्याय निवडावा. हे राहून गेले तर चित्र हिरवट येते किंवा येतच नाही. काही खेळ ४८०पी, म्हणजे सम-विषम अदलाबदल नसलेला पूर्ण चित्राचा संकेतही देतात. गॉड ऑफ वॉरमध्ये तो पर्याय मेनूत आहे, तर इतर काही खेळांत सुरुवातीला त्रिकोण आणि फुली ही बटणे एकत्र दाबून ठेवावी लागतात. ही सोय मुख्यतः एनटीएससी आवृत्त्यांमध्ये आढळते. पाल आवृत्त्यांतून ती पुष्कळदा वगळलेली असे. याच यंत्रावर पहिल्या प्लेस्टेशनची डिस्क लावली की संकेत पुन्हा २४०पी होतो आणि अनेक टीव्ही कॉम्पोनंटच्या खोबणीतून तो स्वीकारतच नाहीत, पडदा काळा राहतो. अशा वेळी जुने प्लेस्टेशन ३ हा मला सर्वांत समंजस मार्ग वाटतो, कारण त्याच्या सर्व प्रकारांवर पहिल्या प्लेस्टेशनच्या डिस्क चालतात आणि चित्र थेट एचडीएमआयमधून बाहेर पडते. डिस्क आणि यंत्र एकाच प्रदेशाचे असले पाहिजेत, एवढी एक अट आहे.

केबल योग्य लागल्यावर टीव्हीच्या सेटिंगकडे वळावे, कारण इथे पैसे लागत नाहीत. टीव्हीची प्रक्रिया आणि विलंब कमी करणारा गेम मोड सुरू करावा. हालचाल गुळगुळीत करणारी सोय बंद करावी. सोनी तिला मोशनफ्लो आणि एलजी ट्रूमोशन म्हणते. नॉइज रिडक्शनही बंदच असावे, नाहीतर जुन्या खेळांतील बारीक ठिपके टीव्ही खरखर समजून पुसून टाकतो. शार्पनेस वाढवल्याने तपशील वाढत नाही, फक्त कडांभोवती पांढरी रेघ उमटते. म्हणून तो तटस्थ आकड्यावर ठेवावा. हा आकडा सोनीच्या अनेक टीव्हींवर ५० असतो, तर इतर काहींवर शून्य. एचडीएमआयमधून येणाऱ्या चित्राच्या कडा कापल्या जात असतील तर एलजीवर जस्ट स्कॅन, सॅमसंगवर फिट टू स्क्रीन किंवा सोनीवर फुल पिक्सल हा पर्याय शोधावा. चित्राचा आकार १६:९ वरून ४:३ करणे सर्वांत महत्त्वाचे आहे. दोन्ही बाजूंच्या काळ्या पट्ट्या अनेकांना खुपतात, पण त्या घालवण्यासाठी ताणलेला आणि बसका झालेला मारिओ पाहणे हा उपाय मला तरी पटत नाही.

यानंतरही समाधान झाले नाही, तरच रूपांतरकाचा विचार करावा. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तापकीर गल्लीत काही शे रुपयांत मिळणारा एव्ही टू एचडीएमआय डबा हा ज्या टीव्हीला जुनी खोबणच नाही, त्याच्यासाठी ठीक आहे. चित्र सुधारण्याचे काम तो करत नाही. तोही २४०पी संकेताला ४८०आयच समजतो, वर चित्र १६:९ मध्ये ताणतो आणि स्वतःचा विलंब जोडतो. विकत घेताना डब्यावरील बाण वाचावा, कारण उलट दिशेने काम करणारा एचडीएमआय टू एव्ही डबा अगदी तसाच दिसतो.

जुन्या कन्सोलसाठीच बनवलेली यंत्रे २४०पी संकेत ओळखतात आणि त्याची वीण न घालता प्रत्येक रेषा दोन, तीन किंवा अधिक वेळा छापतात. ओएसएससी हे खुल्या आराखड्याचे यंत्र पूर्ण चित्र साठवून ठेवत नाही, त्यामुळे त्याचा विलंब नगण्य असतो. मात्र त्याला आरजीबी किंवा कॉम्पोनंट संकेतच लागतो आणि सुपर निन्टेन्डोसारख्या, ६० ऐवजी ६०.१ हर्ट्झच्या (सेकंदाला चित्रांच्या) आसपास चालणाऱ्या यंत्राचे चित्र काही टीव्ही त्यातून स्वीकारत नाहीत. रेट्रोटिंक मालिकेतील २एक्स हे यंत्र कॉम्पोझिट आणि एस-व्हिडिओही घेते, म्हणून पिवळ्या पिनेवर अडकलेल्यांना ते सोयीचे आहे. २०२१ मधील ५एक्स प्रो १४४०पीपर्यंत जाते आणि टीव्हीच्या वेगाशी जुळवूनही घेते. ही यंत्रे परदेशातून मागवावी लागत असल्याने सीमाशुल्क धरूनच हिशेब करावा. सोल्डरिंगचा हात असेल तर जीबीएस-८२०० या स्वस्त बोर्डवर ईएसपी८२६६ ही वायफाय चिप जोडून जीबीएस-कंट्रोल हे मोफत सॉफ्टवेअर चालवता येते. त्यालाही आरजीबी किंवा कॉम्पोनंट लागतो आणि बाहेर व्हीजीए (संगणकाच्या जुन्या मॉनिटरचा संकेत) मिळते, म्हणजे पुढे आणखी एक रूपांतरक आलाच.

किती पट वाढ निवडावी, याचे गणित सोपे आहे. २४० ची तिप्पट ७२० आणि नऊपट २१६०. म्हणजे २१६० रेषांच्या फोर-के पडद्यावर २४० रेषा तंतोतंत बसतात. १०८० मात्र २४० च्या साडेचार पट असल्याने तिथे काही रेषा जाड आणि काही बारीक दिसतात, किंवा पाचपट करून वरखालच्या काही रेषा सोडून द्याव्या लागतात. अनेक खेळांत कडेच्या त्या रेषांवर महत्त्वाचे काही नसतेच, तेव्हा मी पाचपटीला पसंती देईन. मात्र गुणांचा फलक अगदी वर असेल तर तो कापला जातो.

स्वच्छ चित्र आणि खरे चित्र या नेहमी एकच गोष्टी नसतात. १९९१ च्या मेगा ड्राइव्हवरील सॉनिक या खेळातील ग्रीन हिल झोन या टप्प्याचा धबधबा उभ्या रेघा एकाआड एक सोडून रंगवलेला आहे. कॉम्पोझिट केबलवर त्या रेघा एकमेकींत मिसळून पाणी पारदर्शक भासते आणि आरजीबीवर मात्र पाण्याऐवजी कुंपणाचे गज दिसतात. त्यामुळे चांगल्या रूपांतरकांत काळ्या आडव्या रेषा आणि किंचित मऊपणा घालण्याची सोय असते, ती वापरून पाहायला हरकत नाही. पाल यंत्रावर खेळ सुमारे १७ टक्के संथ चालत असेल, तर तो दोष ५० हर्ट्झच्या यंत्राचा आणि ज्या खेळांचा वेग त्यानुसार जुळवलेला नव्हता त्यांचा असतो. कोणताही डबा तो दूर करू शकत नाही.

हीच मर्यादा बंदुकीच्या खेळांना लागू होते. डक हंटसारख्या खेळात चाप ओढताच पडदा क्षणभर काळा होतो, लक्ष्याच्या जागी पांढरा चौकोन उमटतो आणि बंदुकीतील संवेदक तो प्रकाश टिपतो. नव्या टीव्हीचा विलंब ही वेळ चुकवतो आणि प्रत्येक नेम वाया जातो. अशा खेळांसाठी काचेचा जुना टीव्हीच लागतो. तो भंगारातून स्वस्तात मिळाला तरी त्याचे मागचे झाकण स्वतः उघडू नये, कारण वीज बंद केल्यानंतरही पिक्चर ट्यूबमध्ये हजारो व्होल्टचा विद्युतभार शिल्लक राहू शकतो.