अपडेट मारलं म्हंजे कर्नल बदलला असं नसतंय

सांगलीच्या मार्केट यार्डात ओळखीचं एक हळदीचं दुकान आहे, तिथं बिलिंगला उबुंटूचा, म्हंजे विंडोजऐवजी लिनक्सवर चालणारा पीसी. मालक कौतुकानं सांगत होते, इन्व्हर्टर असला भारी घेतलाय की आठ महिने मशीन बंदच पडलं नाही. मी म्हटलं काका तेच तर दुखणंय. अपडेट रोज होत होते पण रिस्टार्ट नाही, म्हंजे नवीन कर्नल (सगळी मशीन चालवणारा लिनक्सचा गाभा) डिस्कवर नुसता पडून आणि मेमरीत आठ महिन्यापूर्वीचाच, सुरक्षेच्या भोकांसकट.

तर आधी टर्मिनलमधी (कमांड टाइप करायची खिडकी) यूनेम डॅश आर (uname -r) मारा, सध्या खरंच चालू असलेला कर्नल दिसतो. मग सुडो ॲप्ट अपडेट (sudo apt update), त्यानंतर सुडो ॲप्ट फुल-अपग्रेड (sudo apt full-upgrade). उबुंटूवर व्हार-रन (/var/run) फोल्डरात रिबूट-रिक्वायर्ड (reboot-required) नावाची फाइल दिसली की समजायचं रिस्टार्ट बाकी आहे. बूटचं पार्टिशन (कर्नल ठेवायचा डिस्कचा भाग) वेगळं असंल तर ते भरलंय का तेवढं बघा, जागा नसली की नवा कर्नल अर्ध्यात अडकतो, तेव्हा सुडो ॲप्ट ऑटोरिमूव्ह (sudo apt autoremove) मारून नको असलेले जुने कर्नल काढा.

"आमच्या दुकानात कोण हॅक करायला येतंय" हे तर ठरलेलंच. पण कर्नलची बरीच भोकं आत शिरल्यावर कामाला येतात. डर्टी काऊ नावाचं भोक २००७ पासून कर्नलमधी होतं, दुरुस्त झालं २०१६ ला, त्यानं साधा युजर फक्त वाचायला दिलेल्या फाइलवर लिहून रूट, म्हंजे मशीनचा पूर्ण मालक व्हायचा. २०२२ च्या डर्टी पाइपचंही तसंच, ५.८ पासून पुढच्या कर्नलमधी. पासवर्ड कुणाला कळला किंवा वेबसाइटमधनं कोण घुसला की पुढचा जिना हाच.

आता इथं लै जण फसतात. नेटवर वाचायचं की डर्टी पाइप ५.१०.१०२ ला दुरुस्त झालं आणि आपल्या डेबियन ११ वर (हेही उबुंटूसारखंच एक लिनक्स) ५.१०.९२ दिसला की घाबरायचं. डेबियननं दुरुस्ती मागं आणून ५.१०.९२-२ मधीच घातलेली, यूनेम डॅश व्ही (uname -v) मारलं की हा पूर्ण आकडा दिसतो. त्यामुळं नुसते आकडे लावत बसू नका, भोकाचा सीव्हीई नंबर, डर्टी पाइपचा सीव्हीई-२०२२-०८४७ (CVE-2022-0847), आपल्या डिस्ट्रोच्या (उबुंटू, डेबियन जे असंल त्याच्या) वेबसाइटवरच्या सिक्युरिटी ट्रॅकरमधी टाकून बघा.

रिस्टार्ट सौदे सुरू असताना नको, संध्याकाळी हिशोब मिटल्यावर करा, बॅकअप घेऊन. चालू झालं की परत यूनेम. आणि काळा स्क्रीन आलाच तर घाबरू नका, ग्रबच्या (मशीन सुरू होतानाचा मेनू) ॲडव्हान्स्ड ऑप्शनमधी जुना कर्नल असतोय, त्यावरनं काम भागवा. म्हणून तो हातानं लगेच उडवायचा नाही, दोनचार दिवस बिलं नीट छापतायत का बघा आधी.