गांडुळांचा प्रयोग का फसतो? या चुका टाळा

मातीचं प्रदूषण शिकवताना काही जण गांडुळावर मीठ टाकून त्याची तडफड दाखवतात. हे आधी बंद करा. गांडूळ ओल्या त्वचेतून श्वास घेतं आणि मीठ ती ओलच ओढून घेतं. मुलांना एक मरण दिसतं, मातीबद्दल काहीच कळत नाही.

त्याऐवजी गांडुळांना निवड करू द्या. पसरट डब्याच्या मधोमध पुठ्ठा उभा करा. एका बाजूला साधी माती भरा, दुसऱ्या बाजूला तीच माती कपडे धुतलेलं पाणी घालून. पुठ्ठा काढा, मधल्या रेषेवर दहा गांडुळं सोडा, भोकं पाडलेलं झाकण लावा आणि डबा 48 तास सावलीत ठेवा. मग पुठ्ठा पुन्हा घालून दोन्हीकडची गांडुळं मोजा. शास्त्रीय चाचणीत दूषित बाजूला 20 टक्क्यांहून कमी गांडुळं उरली, तर ती माती त्यांना राहण्याजोगी नाही असं धरतात.

इथे सगळ्यात जास्त घोटाळा ओलीचा होतो. एका बाजूला साबणाचं पाणी पडतं, दुसरी कोरडीच राहते आणि गांडुळं फक्त ओल शोधत जातात. म्हणून दुसरीकडेही तेवढंच साधं पाणी घाला. नळाचं असेल तर रात्रभर उघडं ठेवलेलं, म्हणजे क्लोरीन उडून जातो. दोन्हीकडे वाफसा हवा: मुठीत दाबल्यावर गोळा व्हावा, पाणी गळू नये. काळ्या मातीचा चटकन चिखल होतो. तिच्यात चांगलं कुजलेलं शेणखत मिसळा, पण दोन्ही बाजूंना सारखंच. ताजं शेण नको, त्यातली उष्णता आणि अमोनियाच गांडुळांना पळवून लावतात.

आणखी एक डबा हमखास राहून जातो, ज्याच्या दोन्ही बाजूंना साधीच माती आहे असा. माझ्या मते त्याच्यासाठी एक अख्खा तास खर्च करावा. त्यातही गांडुळं एकीकडेच गोळा झाली, तर खिडकीचा उजेड किंवा उन्हाने तापलेली भिंत तपासा. खताच्या वाफ्यातली गांडुळं घोळक्यानेही राहतात, त्यामुळे एकाच डब्यावर विसंबू नका. पाच गटांना पाच डबे द्या.

नाशिककडच्या शाळेत मुलं द्राक्षबागेतली माती आणतील. तिथे बुरशीसाठी फवारतात त्या बोर्डो मिश्रणातल्या (मोरचूद आणि चुना) मोरचुदाचं तांबं वरच्या थरात साठून राहतं, तेव्हा हा नमुना फार मोलाचा. पण तुलनेला नदीकाठचा पोयटा घेतलात, तर फरक तांब्याचा की मातीच्या जातीचा हे कसं ओळखणार? त्याच शिवारातली, फवारणी न झालेली माती घ्या.

‘गांडुळं आहेत म्हणजे माती शुद्ध’ हा निष्कर्षही मुलांना काढू देऊ नका. कॅडमियमसारखे धातू अंगात साठवूनही गांडुळं जगतात. उलट उन्हाळ्यात चांगल्या शेतातही ती खोल जातात आणि वर एकही सापडत नाही.

मोजणी झाली की गांडुळं साध्या पाण्यात हलकेच धुऊन खताच्या वाफ्यात परत सोडा. साबणाची माती मात्र त्या वाफ्यात टाकू नका.