किंगफिशर आणि क्राफ्ट आयपीए: समोरासमोर ठेवून कशी पारखायची

बेळगाव, खानापूर, निपाणीकडे बिअर म्हटलं की जिभेला आठवते ती लागर, म्हणजे थंडाव्यात सावकाश आंबवलेली बिअर, आणि बहुतेक वेळा किंगफिशरच. तिच्या शेजारी क्राफ्ट आयपीए (छोट्या कारखान्यात बनलेली, भरपूर हॉप्सची 'इंडिया पेल एल' बिअर) ओतली की पहिल्याच घोटाला "काय कडू आहे हे!" असा निकाल लागतो आणि पारख तिथंच संपते. खरं तर या दोघींची कामंच वेगळी. लागरनं स्वच्छ, हलकं राहून तहान भागवायची. आयपीएनं हॉप्सचा, म्हणजे बिअरमध्ये घालतात त्या वेलीच्या फुलांचा, वास आणि कडवटपणा दाखवायचा. प्रत्येकीला तिच्या कामाच्या मापानं मोजलं तरच तुलनेला अर्थ आहे.

किंगफिशर प्रीमियम घ्या, मद्यार्क सुमारे ४.८ टक्के. स्ट्राँग नको, तिच्यात तो ८ टक्क्यांपर्यंत जातो आणि घशातली ऊब बाकी सगळं झाकून टाकते. आयपीए शक्यतो ५ ते ६.५ टक्क्यांची निवडा.

ब्रँडपेक्षाही बाटलीवरची तारीख महत्त्वाची. हॉप्सचा वास सगळ्यात आधी उडतो. तीन महिन्यांच्या आतली आयपीए मिळाली तर उत्तम. सहा महिने उकाड्यात पडून राहिलेल्या बाटलीत वास जाऊन नुसता कडवटपणा आणि ओल्या पुठ्ठ्यासारखी चव उरते. मग लोक आयपीएला नावं ठेवतात, दोष मात्र साठवणुकीचा असतो. उजेडही तितकाच वाईट. हॉप्समधला कडू घटक उन्हात मोडतो आणि गंधकाचा उग्र दर्प येतो. हिरव्या आणि पांढऱ्या काचेत तो लवकर, तपकिरी काचेत उशिरा, कॅनमध्ये अजिबात नाही. दुकानात काचेसमोरच्या रांगेतली बाटली घेऊ नका, आतल्या खोक्यातली मागा. एप्रिल-मे महिन्यात गाडीच्या डिकीत तासभरही ठेवू नका. आणि गोव्यात वेगळी आयपीए मिळते म्हणून चोर्ला घाटातून परवान्याशिवाय बाटल्या आणू नका, तो अबकारी गुन्हा आहे. महाराष्ट्राकडे नेतानाही तसंच.

ग्लास एकसारखे घ्या, काचेचे. भांड्याच्या साबणाचा किंवा तेलाचा अंश राहिला की फेस बसतो. म्हणून ग्लास मीठ लावून चोळा, भरपूर पाण्यानं धुवा, पालथे घालून निथळू द्या. फडक्यानं पुसू नका. ओतल्यावर आतल्या भिंतीला बुडबुडे चिकटून राहिले तर ग्लास अस्वच्छ आहे, पुन्हा धुवा. भडंग खाल्लेल्या हातानं ग्लासाचा काठ धरला तरी हेच होतं.

लागर ५ ते ६ अंशांना, आयपीए ८ ते १० अंशांना. दोन्ही फ्रिजमध्ये रात्रभर उभ्या ठेवा आणि आयपीए १० ते १५ मिनिटं आधी बाहेर काढा. उन्हाळ्यात त्याहून कमी वेळ पुरतो. बर्फगार आयपीएला वासच येत नाही, हाती लागतो तो फक्त कडवटपणा. उलट लागर कोमट झाली की एरवी गारव्यात दडलेला उकडलेल्या मक्याच्या कणसाचा वास वर येतो.

प्रत्येकी १०० मिली पुरे. आधी लागर, मग आयपीए, कारण हॉप्सचा कडवटपणा जिभेवर रेंगाळतो. हा क्रम उलटला की किंगफिशर पाण्यासारखी लागते, आणि तो तिच्यावर अन्याय आहे. ग्लास तिरका धरून ओता, शेवटी सरळ करून दोन बोटं फेस येऊ द्या. ओतल्याबरोबर नाकाशी न्या. पहिल्या अर्ध्या मिनिटात जो वास मिळतो तो नंतर मिळत नाही. वर तळहात ठेवून ग्लास हलकेच फिरवा आणि छोटे छोटे श्वास घ्या.

लागरमध्ये शोधायचं ते हे: ताज्या पोळीसारखा धान्याचा मंद वास, तांदूळ किंवा मक्यामुळे आलेला हलकेपणा, आणि गिळल्यावर लगेच स्वच्छ होणारं तोंड. लोण्यासारखा वास आला तर आंबवण नीट पुरं झालेलं नाही. आयपीएमध्ये पपनस, संत्र्याची साल, कैरी, कधी चिडाची राळ. हे वास हॉप्सच्या तेलांचे. उकळीत ती उडून जातात, म्हणून आंबवण झाल्यावर थंड बिअरमध्ये पुन्हा हॉप्स घालतात. कडवटपणा मात्र उकळीतूनच येतो. लागरमध्ये तो साधारण १० ते २० आयबीयू (बिअरचा कडवटपणा मोजायचं एकक), आयपीएत ४० ते ७०. चांगल्या आयपीएचा कडवटपणा मेथीच्या भाजीसारखा: येतो, जाणवतो, निघून जातो. काढ्यासारखा घशाला धरून बसला तर ती नीट बनलेली नाही किंवा शिळी झाली आहे. पबमध्ये नळातून ओतलेली बिअर आंबट लागली तर आधी संशय नळीच्या अस्वच्छतेवर घ्यावा.

दोन घोटांमध्ये साधं पाणी आणि पावाचा कोरडा तुकडा. झणझणीत मटण सुकं आयपीएसोबत नको. हॉप्स आणि मद्यार्क दोन्ही तिखट आणखी भडकवतात, तिथं लागरच बरी. आयपीएशी कुंदा मात्र चाखून बघाच. आटवलेल्या दुधाची करपूस गोडी कडवटपणाला अशी सावरते की दोन्हींची चव खुलते.

लागर आणि आयपीए डोळे मिटूनही ओळखता येतात, त्यामुळे तिथं आंधळी चाचणी कशाला? ती दोन आयपीएंसाठी, किंवा ताज्या आणि उन्हात ठेवलेल्या लागरसाठी करा. रंग दिसू नये म्हणून स्टीलचे तीन पेले घ्या. दुसऱ्या कुणीतरी दोनांत एक बिअर, तिसऱ्यात दुसरी ओतावी, तुम्ही वेगळा पेला ओळखायचा. घोट लहान ठेवून, जागा बदलत सहा वेळा करा. सहापैकी पाच वेळा बरोबर आलं तरच फरक खरोखर कळतो असं धरा. चार वेळा तर निव्वळ अंदाजानंही दहांत एकदा जमून जातं.